आमच्या घराण्याची कुर्ली

मी क्रॉस स्टिच करतो हे माझ्या ऑफिसात अजून कोणाला माहीत नाही. फोर्टातल्या एका जुन्या शिपिंग कंपनीच्या अकाउंट्समध्ये मी बसतो. पन्नाशी उलटली आहे, टक्कल पडलंय, आणि माणसं मला जरा तुसडाच समजतात. ते मला चालतं. सुई-दोऱ्याचं कळलं असतं तर चाललं नसतं.

सुरुवात मुलीमुळे झाली. कॉलेजात असताना ती मैत्रिणींबरोबर एक खेळ खेळायची. फासे टाकायचे आणि एका काल्पनिक राज्यातली गोष्ट पुढे न्यायची. राज्यातली घराणी, त्यांचे किल्ले, त्यांची भांडणं, सगळं त्या पोरींनीच रचलेलं. प्रत्येक घराण्याला एक चिन्ह हवं होतं. एका रविवारी ती माझ्या लॅपटॉपजवळ येऊन बसली.

"बाबा, तू एक्सेलमध्ये चौकोन रंगवतोस ना? मला एक घुबड काढून दे."

"घुबड कशाला? दुसरा पक्षी नाही मिळाला?"

"आमचं घराणं रात्री राज्य करतं."

मी रकाने अरुंद केले, ओळी तेवढ्याच उंचीच्या केल्या, आणि सगळी शीट बारीक चौकोनांची झाली. मग एकेक चौकोन रंगवत घुबड काढलं. जवळून पाहिलं की नुसत्या पायऱ्या दिसायच्या, खुर्ची मागे सरकवून पाहिलं की डोळे गोल व्हायचे. खाली एक फीत काढली आणि तिच्यात त्या घराण्याची ओळ लिहिली, "आम्ही जागे असतो." चिन्ह म्हटलं की खाली अशी बढाईची एक ओळ असते, हे मला मुलीने सांगितलं.

बायको मागून जाताना थांबली. "हे तर क्रॉस स्टिचचं डिझाइन झालं. शाळेत आम्ही मॅटीच्या कापडावर असंच करायचो. एक चौकोन, एक फुली." त्याच दुपारी तिने मला टाका शिकवला. आधी एक तिरका, मग त्याच्यावर उलटा तिरका, आणि वरचा टाका सगळीकडे एकाच बाजूला झुकलेला हवा, नाहीतर काम विस्कटलेलं दिसतं. मी घुबडाचा एक पंख भरला. उठलो तेव्हा उन्हं उतरली होती आणि माझी मान धरली होती.

पुढे पोरी नोकऱ्यांना लागल्या, त्यांचा खेळ थांबला. माझा थांबला नाही. मी मुंगूस केलं, गेंडा केला, दोन शेपट्यांचा मासा केला. ज्या घराण्यांत कोणी माणसंच उरली नव्हती त्यांची चिन्हं मी भरत बसायचो.

आम्ही गिरगावात चाळीत राहतो. चाळीत सकाळी उघडलेलं दार झोपेपर्यंत उघडंच असतं. मी ते रविवारी दुपारी लावून घ्यायला लागलो. महिन्याभराने शेजारच्या काकूंनी बायकोला गॅलरीत विचारलं, "ह्यांना बरं नसतं का गं हल्ली? रविवारी दार बंद असतं." बायको आत येऊन तोंडाला पदर लावून हसत सुटली. "दार उघडं टाका आता. लोकांना काय वाटत असेल, जरा विचार करा." माझे कान तापले. तरी मी दार उघडलं नाही. काकूंना जे वाटत होतं ते परवडलं, असं मला वाटलं.

दोऱ्याच्या लडी मी गिरगावात घेत नसे. दादरला जायचो, आणि दुकानात गेल्या गेल्या सांगायचो, "मुलीने मागवल्यात." एकदा दुकानदार म्हणाला, "काका, तुम्हाला शेड बरोबर कळतात." तर मी हातातली लडी खाली ठेवली आणि मुद्दाम दुसरीच उचलली.

ही लाज कुठून आली ते मला नीट सांगता येणार नाही. मी डिलाईल रोडच्या चाळीत वाढलो. माझा बाप आयुष्यभर मिलमध्ये सूतच हाताळत होता. घरी आला की त्याच्या भुवयांवर कापूस असायचा. पण ते पुरुषाचं काम होतं. तिथल्या गॅलरीत एखादा बाप्या मांडीवर कापड घेऊन फुलं भरत बसला असता तर त्याला मरेपर्यंत त्यावरून नाव पडलं असतं.

आता दादाबद्दल सांगायला हवं. दादा माझा मोठा भाऊ, माझ्याहून बराच मोठा. बाप गेल्यावर आई डिलाईल रोडच्या त्याच खोलीत दादा-वहिनींकडे राहिली. शेवटची काही वर्षं ती अंथरुणावर होती. सगळं वहिनीने केलं. मी लग्नानंतर गिरगावात, बायकोच्या मावशीच्या खोलीत राहायला आलो होतो. रविवारी फळं घेऊन जायचो, आईच्या पायाशी बसायचो, परत यायचो.

आई गेली आणि पाठोपाठ बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला निघाली. दादाने मला बोलावलं. खोलीवर माझा हक्क नाही अशा कागदावर सही हवी होती. तो अडखळत बोलत होता, टेबलावरचं पेन इकडून तिकडे सरकवत होता. मीच त्याला थांबवलं.

"मला काय करायची आहे रे खोली? आईला तूच सांभाळलंस."

मी हसत सही केली आणि चहा घेतला. नातेवाइकांत बोलणं झालं की भाऊ असावा तर असा. ते माझ्या कानावर आलं आणि मला बरं वाटलं. मनात काही राहिलं असेल असं तेव्हा मला कोणी म्हटलं असतं तर मी शपथेवर नाही म्हटलं असतं.

दादाने पुढे नव्या बिल्डिंगमध्ये मिळालेली जागा विकून वडाळ्याला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. वरचा मजला. खिडकीतून लांबवर मिठागरांची जमीन दिसते. त्याने वास्तुशांत ठरवली तेव्हा मी विचार केला, भावाला काय द्यावं. आणि मला सुचलं की आमच्या घराण्याचं चिन्ह द्यावं. सगळ्या खोट्या घराण्यांची चिन्हं काढली, आपल्याच घराण्याचं का नको?

प्राणी शोधावा लागला नाही. आम्ही लहान असताना ओहोटीच्या दिवशी बाप आम्हा दोघांना वडाळ्याच्या पलीकडे खाडीवर न्यायचा, कुर्ल्या धरायला. आमच्याकडे खेकड्याला कुर्लीच म्हणत. खेकडा हा शब्द मी शाळेत ऐकला. दादा पिशवी धरायचा आणि बाप मला शिकवायचा, "मागसून धर रे, फुडसून चावतली." एकदा मी पुढूनच धरली. तिने माझं बोट पकडलं ते सोडेचना. मी बोंब ठोकली. दादाने माझा हात कुर्लीसकट पाण्यात बुडवून धरला तेव्हा कुठे तिने सोडलं. घरी आल्यावर बापाने आईला सगळं रंगवून सांगितलं आणि म्हणाला, "आमच्याच घरातली दिसता. धरल्यान का सोडूची नाय." आम्ही सगळे हसलो होतो.

म्हणून मी ढाल काढली, ढालीवर दोन्ही नांग्या उगारलेली कुर्ली, आणि खालच्या फितीत ओळ लिहिली, "धरलं की सोडत नाही."

डिझाइन आधी मुलीने पाहिलं. "बाबा, हे जरा डेंजर दिसतंय." मला वाटलं ती नांग्यांबद्दल बोलते आहे. मी खूश झालो.

बायकोने बराच वेळ पाहिलं. "कुर्ली छान आहे. शब्द नका घालू."

"का? ओळीशिवाय चिन्ह पुरं कसं होईल?"

"आधीच ते खोलीचं झालंय."

"खोलीचं काय झालंय? मीच तर सही केली."

ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी लावायला लागली.

ते काम माझ्या हातून झालेल्या सगळ्यांत चांगलं काम होतं, हे मला आजही म्हणावं लागतं. कापडाची चौघडी घालून मधला चौकोन शोधला आणि तिथून बाहेर भरत गेलो. कुर्लीच्या पाठीवर विटकरी रंगाच्या तीन छटा घेतल्या. एक नांगी मोठी, एक जराशी लहान, खऱ्या कुर्लीची असते तशी. अक्षरांनी फार छळलं. शिरोरेषा सोपी, सरळ ओढत न्यायची, पण चौकोनांत 'ध' आणि 'ल' यांना गोलाई येता येत नाही. ते मी पुन्हा पुन्हा उसवले. ठाकूरद्वारच्या फ्रेमवाल्याने काच बसवून दिली तेव्हा मी ती छातीशी धरून घरी आणली.

हे कोणी केलं असं विचारलं तर मुलीने केलं म्हणून सांगायचं, असं मी ठरवलं होतं. मुलीला तशी कल्पनाही दिली होती. ती म्हणाली, "तुझी मर्जी."

वास्तुशांतीला पंचवीस-तीस माणसं होती. पूजा आटपली, पंगत बसायची होती, लोक हॉलमध्ये खुर्च्यांवर गप्पा मारत होते. भेटवस्तू नंतर बघायच्या होत्या, पण दादाने माझ्या हातातला चौकोनी पुडा पाहिला आणि त्याला राहवलं नाही. "माझ्या भावाने आणलंय. हे आत्ताच लावू. बघा, त्या भिंतीवर खिळा मारूनच ठेवलाय." त्याने कागद सोडवला आणि फ्रेम सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली.

वहिनीचा भाऊ तिथेच उभा होता. गमत्या माणूस, कुठेही गेला तरी बोलणारा. त्याने चष्मा वर करून पाहिलं.

"हे काय, खेकडा? अरे वा. मराठी माणसाला खेकडाच शोभतो, एकमेकांचे पाय ओढायला." लोक हसले. मग त्याने खालची ओळ मोठ्याने वाचली, "धरलं की सोडत नाही." आणि दादाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बरोबर आहे की दाजी. खोली धरलीत ती काय सोडली नाहीत तुम्ही."

त्याच्या मनात काही नव्हतं. बोलून गेल्यावर त्यालाच कळलं. काही लोक हसले, काही हसता हसता थांबले. दादाच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण ते तिथेच राहून गेलं. वहिनी आतून पाण्याचे ग्लास घेऊन आली होती. तिने ट्रे टीपॉयवर ठेवला आणि फ्रेमजवळ जाऊन ओळ वाचली. मग वळून मला विचारलं, "कोणी केलंय हे?"

"मुलीने," मी म्हणालो.

तोंडून निघून गेलं. ठरवून ठेवलेलं होतं ना. सगळ्यांनी माझ्या मुलीकडे पाहिलं. ती खिडकीशी आपल्या चुलत भावाबरोबर उभी होती.

"तुला काय म्हणायचं होतं गं यातून?" वहिनीने तिला विचारलं. आवाज चढवला नाही.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. ती म्हणाली, "सॉरी काकू. माझ्या लक्षात नाही आलं."

ती हे माझ्यासाठी करते आहे हे मला दिसत होतं, आणि तरी मी काही क्षण गप्प बसलो. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यांत वाईट क्षण असतील. ज्या व्यवहाराशी तिचा काही संबंध नव्हता, ज्या खोलीत ती कधी राहिलीही नाही, त्याचा टोमणा तिच्या नावावर लागत होता आणि मी जमिनीवरच्या नव्या टाइल्स बघत होतो.

मग मी म्हणालो, "नाही वहिनी. मीच केलंय."

"तू?"

"हो. मी करतो क्रॉस स्टिच."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. ज्या हसण्याला मी इतकी वर्षं भ्यालो होतो ते हेच. आणि त्या वेळी त्याचं मला काहीच वाटलं नाही.

वहिनी माझ्याकडे बघत होती. ती लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा मी शाळेत होतो. माझा डबा तिने भरून दिलेला आहे. ती म्हणाली, "म्हणजे रागाच्या भरात नाही बोललास. महिनोन्‌महिने बसून, एकेक टाका घालून लिहिलंस."

मला बापाची गोष्ट सांगायची होती. खाडी, बोट, आई हसली होती ते. तोंड उघडलं आणि एवढंच म्हणालो, "बाबा म्हणायचे तसं."

"जाऊ दे," दादा म्हणाला. "पानं वाढा. भटजींना निघायचंय." त्याने फ्रेम भिंतीला टेकवून खाली ठेवली. आम्ही जेवलो. कोणीच उठून गेलं नाही, आणि मला माझ्या पानातलं काय खाल्लं ते आठवत नाही.

टॅक्सीत बायको पुढे बसली. 'मी सांगत होते' असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. मुलगी बाहेर बघत होती. परळ ओलांडल्यावर म्हणाली, "बाबा, मला त्या ओळीचा राग नाही आला."

"माहीत आहे," मी म्हणालो. "चुकलं माझं."

तिने मान हलवली. माफ केलं म्हणून की नुसतं ऐकलं म्हणून, ते मी विचारलं नाही.

नंतर कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत राहिलो की माझ्या मनात काही वाईट नव्हतं. पण बापाच्या तोंडची वाक्यं काय एवढीच होती? त्याने आम्हाला शंभर गोष्टी सांगितल्या होत्या. त्यातली नेमकी हीच का निवडली? आणि ती अक्षरं भरताना, 'सोडत नाही' मधला 'नाही' भरताना, दोरा ओढायला मला एक बारीक गोडी वाटत होती. तेव्हा मी ती कामाची गोडी समजलो होतो. बायकोला ती फितीवर वाचता आली, मुलीला वाचता आली. मला आली नाही असं म्हणणं आता अवघड आहे.

शेवटी एका शनिवारी मी एकटाच वडाळ्याला गेलो. वहिनी भाजी आणायला खाली गेली होती. दादाने दार उघडलं, पंखा लावला, समोर बसला. भिंतीवर तो खिळा मोकळाच होता.

"माफी मागायला आलोय," मी म्हणालो.

"हं." मग त्याने विचारलं, "तुला खोलीत वाटा हवा होता?"

नाही म्हणणं तोंडावर आलं होतं. "हो," मी म्हणालो.

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"लाज वाटली. आईचं मी काहीच केलं नव्हतं. कुठल्या तोंडाने मागू?"

"आणि आता?"

"आताही वाटतेच."

दादाने चष्मा काढून बनियनच्या टोकाने पुसला. "तू सही केलीस ना हसत, मला खरं म्हणजे सुटल्यासारखं झालं. तुला काही हवंय का, हे विचारायची मलाही भीती वाटत होती. तू हो म्हणाला असतास तर मी काय केलं असतं, देव जाणे." मग म्हणाला, "आता तर काही होऊ शकत नाही. सगळं ह्या घरात गेलं."

"मी मागायला नाही आलो."

"कळलं रे."

मग तो उठला, माळ्यावरून फ्रेम काढून आणली. जुन्या चादरीत गुंडाळलेली होती. "ही घेऊन जा. तुझ्या वहिनीला बघवत नाही." आणि दारापर्यंत आल्यावर हळूच म्हणाला, "कुर्ली चांगली झालीय. बाबांनी ओळखली असती."

मी बसमध्ये ती मांडीवर उभी धरून बसलो. शेजारच्या माणसाने विचारलं, फोटो आहे का. मी हो म्हटलं. घरी ती कपाटामागे, तोंड भिंतीकडे करून ठेवली आहे. मुलीने एकदा बाहेर काढली होती. मी पुन्हा आत सरकवली.

गणपतीत दादाचा फोन आला. "येताय ना?" आमचा गणपती दादाकडेच असतो. आम्ही तिघं गेलो. आरती झाली, पानं मांडली. वहिनी वाढत होती. माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "भावोजी, तुम्ही भात घ्या अजून." इतकी वर्षं ती मला तू म्हणत आली होती. मी मान खाली घालून भात घेतला. बायकोनेही ऐकलं. वहिनीचं बोलणं अगदी सभ्य होतं, पाहुण्यांशी असतं तसं. माझ्या मुलीच्या डोक्यावरून मात्र तिने येता-जाता दोनदा हात फिरवला.

निघताना तिने बायकोच्या हातात मोदकांचा स्टीलचा डबा दिला. "डब्याची घाई नाही. सावकाश आणून द्या."

मोदक दुसऱ्या दिवशीच संपले. डबा घासून ओट्यावर ठेवलाय. बायको म्हणते, रिकामा नेऊ नये, ती त्यात नारळाच्या वड्या घालून देणार आहे. रविवारी मी नेऊन देईन.